पाणी कुठं जाणार?

मागच्या वर्षीची गोष्ट. जानेवारीचा पहिला आठवडा होता. सकाळचं धुकं धरणाच्या भिंतीवरून उतरून बाजारपेठेत येऊन बसलं होतं आणि मी अंगणात उन्हाचा एखादा तुकडा कुठं सापडतो का ते बघत होतो. आमच्या वॉर्डाची सदस्य असलेली मुलगी फाटक ढकलून आत आली. मुलगी म्हणायचं ते मी तिला शाळेत शिकवलं म्हणून. एरवी तिची पोरं आता हायस्कुलात आहेत. उभ्याउभ्याच म्हणाली, “गुरुजी, आपल्या आळीचा रस्ता यंदा आराखड्यात बसतोय. पण डांबरी करायचा, काँक्रीट करायचं का ब्लॉक टाकायचे, यावरून आत्ताच तीन पार्ट्या झाल्यात. तुम्ही घरोघर जाऊन विचारून घ्याल का? तुम्हाला कुणी उलटं बोलायचं नाही.”

निवृत्त शिक्षकाला असं कुणी काम सांगितलं की तो आतून फुगतो. मी फुगलो. दुपारीच दुकानातून दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि तीन रकाने आखले: डांबर, काँक्रीट, ब्लॉक.

रस्ता म्हणजे काय, तर बाजारपेठेच्या मागून निघून ओढ्याकडे उतरत जाणारी एक सहाशे फुटांची वाट. कधीकाळी पायवाट होती, मग बैलगाडी जाऊ लागली, मग ट्रॅक्टर, मग शनिवार-रविवारी वाट चुकलेल्या मुंबईच्या मोटारी. दोन्ही अंगांना मिळून तीसेक घरं. आठ महिने धूळ आणि चार महिने चिखल. मावळातला पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना हा चिखल समजावून सांगणं अवघड आहे. वर घाटमाथ्यावर लोणावळ्याला वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे तितका नाही, पण जो पडतो तो मुक्कामालाच येतो. माती भाताच्या खाचराची. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेल्या इंद्रायणी तांदळाला ती चांगली मानवली; माणसाच्या चपलेला मात्र ती सोडत नाही. आमच्या आळीत जुलैमध्ये पाहुणा आला की आधी त्याच्या पायावर तांब्याभर पाणी आणि मग प्यायला पाणी, असा क्रम आहे.

तर मी वही घेऊन निघालो.

पहिलंच घर तात्यांचं. सगळी आळी त्यांना तात्याच म्हणते, ऐंशी ओलांडलेत. त्यांचं मूळ गाव पाण्याखाली आहे. मी रकाने दाखवले. त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली आणि परत दिली. म्हणाले, “मास्तर, धरणाच्या टायमाला आमाला नोटीस आली. इचारलं कुनी नव्हतं. आता तुमी इचाराया आलाय, तर चा तरी घ्या आदी.”

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण बाहेरच्या वाचकाला पवनानगर म्हणजे तळ्याकाठचे तंबू आणि पाठीमागे तुंग-तिकोना एवढंच ठाऊक असतं. जुनी माणसं या गावाला अजून काले कॉलनी म्हणतात, आणि त्यातला ‘कॉलनी’ हा शब्द धरणाबरोबर आला. धरण १९७२ साली पुरं झालं. साडेआठ टीएमसी पाणी मावतं त्यात. ते नदीतून खाली जातं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांतल्या शेकडो खातेदारांचं पुनर्वसन पुढे कित्येक दशकं रखडलं. मग याच पाण्यासाठी धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी न्यायचं ठरलं. नदी कोरडी पडेल, उपसा बंद होईल, असं खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं होतं. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर ते आंदोलनाला बसले आणि गोळीबारात तिघे गेले. त्यांत एक बाई होती. काम थांबलं. स्थगिती उठली ती २०२३ साली. मोठ्या कामांबद्दल मी अधिकारवाणीने बोलू नये, पण एवढं खरं की या खोऱ्यात ‘सरकारी काम’ हा शब्द ऐकला की माणसं आधी कागद मागतात. त्यांना सहाशे फुटांच्या रस्त्यासाठी कुणीतरी दारात येऊन विचारतंय, हेच मुळी नवं होतं.

चहा पिऊन झाल्यावर तात्यांनी उत्तर दिलं. ते माझ्या तिन्ही रकान्यांत बसेना. “डांबर करा नायतर सोनं वता. माज्या उंबऱ्याच्या वर रस्ता आला नाय पायजे.”

मला एकदम माझ्या मावसबहिणीचं घर आठवलं. ती याच तालुक्यात एका गावात असते. गावाचं नाव सांगत नाही. तिच्या दारातला रस्ता वीस वर्षांत तीनदा झाला. आधी खडीकरण, मग त्यावर डांबर, मग डांबर उखडलं म्हणून त्यावरच काँक्रीट. जुनं कुणी काढलं नाही. प्रत्येक वेळी रस्ता अर्धा फूट वर आला आणि घर होतं तिथंच राहिलं. पूर्वी ती दोन पायऱ्या चढून घरात जायची, आता एक पायरी उतरून जाते. तिसऱ्या रस्त्यानंतरच्या पहिल्या पावसात रात्री पाणी आत शिरलं आणि तांदळाची कणगी खालून भिजली. रस्ता मात्र चांगला झाला होता. गावाने उद्घाटनाला नारळ फोडला होता आणि तिनेही पेढा खाल्ला होता.

घरी येऊन मी वहीचं पहिलं पान फाडलं.

दुसऱ्या दिवसापासून रकाने न आखता गेलो. नुसतं विचारायचं, या रस्त्याचा तुम्हाला त्रास काय होतो, आणि ऐकत बसायचं. कामाला चार दिवस लागतील असं वाटलं होतं, तिथं तेरा लागले. शिवाय पित्त वाढलं, कारण घरटी एक चहा.

एका घरात सून बोलली, सासू पलंगावर पडून ऐकत होती. दोन वर्षांपूर्वी श्रावणात सासूला रात्री अर्धांगाचा झटका आला. गाडी बाजारपेठेपर्यंत आली, आत यायला चालक तयार होईना; चिखलात चाक रुतलं तर पेशंटही अडकेल आणि गाडीही. त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोर बांधून चौघांनी म्हातारीला उचलून नेलं. “मला डांबर-काँक्रीट कळत नाय,” ती म्हणाली. “फकस्त यंदाच्या पावसाच्या आत करा. चर्चा किती दिवस चालणार हाय तुमची?” हा प्रश्न मी वहीत लिहून घेतला. विचारणाऱ्या माणसाने आपल्या विचारण्याला किती वेळ लागतोय हेही बघायला हवं, हे आम्हा मास्तर लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही.

तळ्याकाठी तंबू चालवणाऱ्या एका पोराला रस्ता बारा फुटी हवा होता, दोन गाड्या पास होतील असा. त्यासाठी आपलं कुंपण तो हात-दोन हात मागे घ्यायला तयार होता. समोरचा मात्र आपलं तुळशीवृंदावन हलवायला तयार नव्हता. बैलजोडी असलेलं एकच घर आता आळीत उरलंय. गुळगुळीत काँक्रीटवर उतारात बैलाचा खूर घसरतो, तेव्हा वरून खराट्याने रेघा ओढा, एवढंच त्यांचं मागणं. बाजारपेठेकडच्या खोल्यांत राहणारा एक भाडेकरू म्हणाला, “आमचं काय विचारता, आमचं मत गावाकडं आहे.” कायद्याने तो बरोबर होता. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. तरी मी त्याचं लिहून घेतलं. त्याची दोन पोरं याच रस्त्याने शाळेत जातात आणि पावसाळ्यात दप्तरात पायपुसणं घेऊन जातात.

पण बहुतेक घरांत गोष्ट फिरून एकाच ठिकाणी यायची. पाणी. वरच्या अंगाच्या घरांचं सांडपाणी सध्या रस्त्याच्या मातीत मुरतं. कडेला अळू आहे, एके ठिकाणी केळी आहेत, तिथं ते जिरतं. काँक्रीट झालं की ते जिरणार नाही, वाहणार. वाहून कुणाच्या दारात जाणार, यावर वरची घरं आणि खालची घरं यांचं एकमत होण्याचं कारणच नव्हतं.

माझे एक स्नेही रस्त्यांच्या कामावर शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. त्यांना एका रविवारी जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी आळीतून फिरवून आणलं. त्यांनी रस्त्याकडे फारसं पाहिलंच नाही. घरांचे उंबरे, परसातली गटारं आणि ओढ्याची पातळी बघत राहिले. मॅकअॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्तेबांधणीची रीत बदलली, ती मुळात या एका विचारावर, असं त्यांनी सांगितलं: वजन शेवटी खालची जमीनच पेलते, आणि ती कोरडी असली तरच पेलते. म्हणून रस्ता मध्ये उंच, कडांना उतरता, आणि पाणी वरच्या वर बाजूला. त्याच्या हयातीतच, १८३० साली, आपल्या बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. आपण आजही ‘वॉटर बाउंड मॅकअॅडम’ म्हणून खडी दाबतो ती त्याच्याच नावाने. फक्त त्याचं नाव घेतो आणि गटार विसरतो, असं म्हणून ते हसले.

डांबराचा त्यांनी विषयच काढू दिला नाही. उतार अपुरा, पाणी साचणार, आणि साचलेलं पाणी डांबराला खडीपासून सोडवतं. वरून वर्दळ असली की दोन पावसाळ्यांत खड्डे. ब्लॉक चांगले, उचलून परत बसवता येतात, पण खालची वाळू या उतारावर वाहून गेली तर पट्टा खचतो. काँक्रीट टिकेल, मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. आधी बॉक्स कटिंग, म्हणजे जेवढी जाडी घालायची तेवढं खोदून काढायचं, म्हणजे रस्ता उंबऱ्याच्या खाली राहील. गल्ली अरुंद, तेव्हा मध्ये उंचवटा करत बसण्यापेक्षा एका बाजूला शेकडा दोन-अडीच उतार आणि त्या बाजूला गटार. आणि काँक्रीट झाल्यावर वाफे करून किमान चौदा दिवस पाणी उभं ठेवायचं. “हे तिसरं बघायला कुणी नसतं,” ते म्हणाले. “ठेकेदाराचा माणूस सकाळी एकदा पाइप फिरवून जातो. एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत सगळं वाळतं. पुढे वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि लोक सिमेंट खाल्लं म्हणतात. कधी खाल्लेलं असतं, कधी नुसतं तहानेने मेलेलं असतं.”

पैशाची बाजू मला सदस्य मुलीने समजावली. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीला येणारा निधी २०२१-२२ पासून दोन भागांत होता: साठ टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच वापरायचा, आणि चाळीस टक्के अबंधित. रस्ता अबंधितातून होतो. सांडपाण्याचं काम बंधितात बसतं. दोन खाती, दोन अंदाजपत्रकं, बऱ्याचदा दोन वर्षं. रस्ता आधी होतो आणि गटार मागून येतं किंवा येतच नाही, याला नेहमी कुणाचा हलगर्जीपणाच असतो असं नाही. कधी कधी नुसते कागद वेगवेगळ्या फायलींत असतात. दोन्ही कामं एकाच ग्रामसभेत, एकापाठोपाठ एक घ्यायची, असं आम्ही ठरवलं. वाचताना हे किरकोळ वाटेल. मला तरी त्या महिन्यात कळलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट वाटली.

लोकांना विचारणं हे हल्ली शहरांतही चालतं. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना अर्जावर मागवायला सुरुवात केली. चांगलंच आहे. पण अर्जावर माणूस ‘रस्ता हवा’ एवढंच लिहितो. शेजारच्याला काय हवंय ते त्याला दिसत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची रीत मला जास्त पटते. तिथं निर्णय सर्वांच्या सहमतीने करतात हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात, हे कमी ऐकलेलं असतं. आम्ही काही मेंढ्याचे लोक नव्हे. आमचा अभ्यासगट म्हणजे तात्यांची ओटी, पानाचा डबा आणि मी.

प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा झाली. ती मुख्य सभेच्या आधी घ्यावी लागते. कित्येक ठिकाणी ती रजिस्टरवरच्या सह्यांपुरती असते असं ऐकतो. आमच्याकडे त्या दिवशी चाळीसेक बायका आल्या आणि त्यांनी एक असा मुद्दा काढला जो माझ्या तेरा दिवसांच्या वहीत कुठेच नव्हता. नळजोडाच्या पाइपा. घरात गेल्यावर माझ्याशी बोलायला पुढे यायचे ते बहुतेक पुरुष, आणि नळावर भांडं घेऊन उभ्या राहतात त्या बायका. खालच्या अंगाच्या सात-आठ घरांचे जोड रस्त्याखालून आडवे जायचे बाकी होते. काँक्रीट झाल्यावर ब्रेकर लावून ते फोडणार, आणि फोडलेलं पुन्हा कुणी नीट भरणार नाही. “आदी पाइप, मग गटार, मग रस्ता,” असं एकीने बोटं मोडून सांगितलं, आणि ठरावात अगदी याच क्रमाने उतरलं. आणखी एकीने विचारलं, “रस्त्याला चौदा दिवस पानी ठेवनार, आनि आमच्या नळाला एप्रिलात दिसाआड. ते पानी कुठलं?” सभा हसली. मग टँकर ठेकेदाराने आणायचा अशी अट ठरली. धरण दिसतं त्या खिडकीतून हा प्रश्न विचारला गेला, हे मी मनातल्या मनात नोंदवलं.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी संख्या लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ज्यांना चारचौघांतच ठरवून टाकायचं असतं त्यांना तहकूब सभेची गोडी का असते, ते यावरून कळावं. आमची सभा पहिल्याच वेळी भरली. मी वही वाचली. नावं न घेता वाचली, तरी प्रत्येक वाक्याला लोक वळून बरोबर त्या माणसाकडे बघत होते. तंबूवाला बारा फुटांवरून दहा फुटांवर आला. तुळस जागेवर राहिली. दहा फूट रुंद, खोदून, एकतर्फी उताराचं काँक्रीट, वर खराट्याच्या रेघा, खालच्या बाजूने बंद गटार, आधी पाइप. एवढं सगळं धरून अंदाजपत्रक काढलं तर उपलब्ध रकमेत सहाशे फूट बसत नव्हते. पाचशे बसत होते. शेवटचे शंभर फूट पुढच्या वर्षी घ्यावेत, असं मीच सुचवलं. तिथं घरं नाहीतच, असंही म्हणालो. हात वर झाले. कुणी विरोध केला नाही. घरी येताना सुनेने मला थांबवून पेढा दिला.

काम एप्रिलमध्ये झालं. चौदा दिवस आळीतल्या म्हाताऱ्यांनी पाळ्या लावून वाफ्यांतलं पाणी बघितलं. तात्या दुपारी छत्री घेऊन खुर्ची टाकून बसायचे आणि टँकर उशिरा आला तर सदस्य मुलीला फोन करायचे. मेअखेर गटारावर झाकणं बसली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. मी मुद्दाम बाहेर पडून बघितलं. पाणी एका बाजूला शिस्तीत वाहत होतं, गटारात उतरत होतं, तात्यांचा उंबरा कोरडा होता. दुसऱ्या दिवशी त्याच सुनेच्या दारात घरपोच गॅसची गाडी उभी होती. मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही.

चार दिवसांनी सकाळी फाटकात एक कातकरी बाई उभी होती. कडेवर मूल, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. आत यायला तयार नव्हती. म्हणाली, “गुरुजी, तुमचं पानी आमच्याकडं येतंय.”

तुमचं पाणी. मी वही काढली. शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. तिथं माझ्याच अक्षरात होतं: “पुढे सहा झोपड्या. बंद.”

खरंच बंद होत्या. जानेवारीत त्यांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या होत्या. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांची पोरं नोव्हेंबरात शाळेतून नाहीशी व्हायची आणि हजेरीपटावर मीच त्यांच्यापुढे ‘स्थलांतरित’ असं लिहायचो. तीस वर्षं लिहिलं. तरी जानेवारीत वही घेऊन फिरताना तो शब्द मला आठवला नाही. ग्रामसभा २६ जानेवारीला, पुढची १ मेला. दोन्ही वेळा ही माणसं भट्टीवर. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. बाकीच्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी योजना नाहीत असं नव्हे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली तेव्हा सपाटीला पाचशे आणि डोंगरी-आदिवासी भागात अडीचशे वस्तीची अट होती. २०२३ च्या नोव्हेंबरात आदिम जमातींसाठी पीएम-जनमन आली तेव्हा ती शंभरावर आली. सहा झोपड्या शंभरात बसत नाहीत. त्या बसतात आमच्या आळीच्या शेवटच्या शंभर फुटांत, जिथं घरं नाहीत असं मी भर सभेत सांगितलं होतं.

मी तिच्याबरोबर गेलो. जिथं आमचं काँक्रीट संपतं तिथं बंद गटारही संपत होतं, आणि तिथून पाचशे फुटांचं सगळं पाणी एका तोंडाने मातीत पडत होतं. पूर्वी हेच पाणी वाटेत अळवात, केळीत, चिखलात अडकत, जिरत, थोडं थोडं येत असे. आता ते सरळ आणि जोरात येत होतं. दोन झोपड्यांच्या मागची कुडाची भिंत खालून उघडी पडली होती. चुलीची जागा त्यांनी दोनदा बदलली होती. कुणी भांडलं नाही माझ्याशी. एका म्हाताऱ्याने नुसतं कोपऱ्यातलं ओलं सरपण दाखवलं.

त्या दिवशी आळीतली पोरं कुदळी-फावडी घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत ओढ्याकडे एक चर काढला. तंबूवाल्याने चार जुने पाइप दिले. तात्या काठी टेकत शेवटपर्यंत आले, उभे राहिले आणि काही न बोलता परत गेले. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उठून, जानेवारीत मी सांगितलेलं चुकीचं होतं, एवढं म्हणालो. सहाजणांपैकी चौघे आले होते. मागे, शाळेच्या पायरीवर बसले होते. मतदारयादीत त्यांच्यापैकी तिघांची नावं निघाली. गटार ओढ्यापर्यंत नेणं आणि वाटेत एक पाइप मोरी, हे काम पुढच्या आराखड्यात सातव्या क्रमांकावर लागलं. पाचव्यावर घ्यावं म्हणून सदस्य मुलगी भांडतेय. सहाव्यावर स्मशानभूमीची शेड आहे, तिथं कुणी माघार घ्यायला तयार नाही.

उरलेल्या शंभर फुटांवर काय करायचं, ते ठरवायला दसऱ्याच्या आधी वही घेऊन पुन्हा गेलो, माणसं भट्टीवर जायच्या आत. मी विचारलं, काँक्रीट हवं का? बाई म्हणाली, “चैतात तापतंय ते. आमी अनवानी असतो.” मग मुरूम? तिने खांदे उडवले. म्हाताऱ्याने तिच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलून घेतलं आणि मग मला म्हणाला, “दिवसा येऊन काय इचारता गुरुजी? दिवसा समदं वाळल्यालं दिसतंय. रातच्याला पाऊस लागंल तवा या. पानी कुठनं येतं ते दावतो.”

हस्ताचा पाऊस अजून व्हायचा होता. चार दिवसांनी रात्री साडेनऊच्या सुमारास ढग फुटले. मी बॅटरी घेतली, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि निघालो. पाचशे फूट चपला भिजल्या, पण घाण झाल्या नाहीत. काँक्रीट संपलं तिथं थांबून चपला हातात घेतल्या. म्हातारा खोळ पांघरून आधीच येऊन उभा होता.